मारुती ८००चं हेड पॅकिंग गेलंय असं दिसतंय, खोलण्याआधी जाणकारांनी सांगावं

परभणीकर२२

नमस्कार मंडळी. हेड पॅकिंग म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं गॅस्केट, त्याबद्दल विचारायचंय. गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. वडिलांची आहे. मागच्या वर्षीच आरटीओत पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतली, बॉडीला कुठं गंज नाही. त्यामुळे भंगारात घालायचा प्रश्नच नाही, ही गाडी नीट करायचीच आहे.

तेलगावकडून धारूरचा घाट चढताना तापमानाचा काटा लालात गेला. मे महिना, दुपारची वेळ, गाडीत चार माणसं. लगेच बाजूला घेऊन बंद केली, पूर्ण गार होऊ दिली, मग पाणी भरून हळूहळू घरी आणली. तेव्हापासून रोज पाणी कमी होतंय. गाडीखाली थेंब दिसत नाही, होजला कुठं ओल नाही. सकाळी गार इंजिन सुरू केलं की दोन-तीन मिनिटांतच वरचा होज कडक होतो. रेडिएटरचं झाकण काढून सुरू केली तर बुडबुडे येतात आणि थांबत नाहीत. सायलेन्सरमधून पांढरा धूर. ऑईल मात्र स्वच्छ आहे, डिपस्टिकवर किंवा झाकणाखाली दुधाळ काही नाही.

एका मिस्त्रींनी बॉनेट उघडून बघितलं आणि न खोलताच ‘इंजिन गेलं, दुसरं टाका’ म्हणाले. दुसऱ्यांनी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली. मला दोन्ही पटत नाही. माझा चुलतभाऊ आयटीआय झालेला आहे, गोटी पान्यांचा सेट घरी आहे. आम्ही दोघं मिळून हेड उतरवू शकतो असं वाटतं. पण त्याआधी पॅकिंगच गेलंय याची खात्री कशी करायची? आणि हेड लेथवर घासून घ्यावंच लागतं का?

लातूरचा बापू

हळद अजिबात टाकू नका भाऊ. आडरानात रेडिएटरला बारीक भोक पडलं अन् गावापर्यंत यायचं असलं तर हळद ठीक हाय. पॅकिंगला तिचा काय उपयोग? पॅकिंग जळलेलं असतंय तिथून इंजिनातला दाब पाण्यात येतो. त्या दाबापुढं हळद टिकत नाही, पण रेडिएटरच्या बारीक नळ्या मात्र बसून जात्यात. बाजारात ती पाणी बंद करायची पावडर मिळती तिचं पण तसंच.

न खोलता इंजिन गेलं म्हणणाऱ्याचं पण ऐकू नका. ऑईल स्वच्छ हाय म्हणताव, म्हणजे बेअरिंगमधी पाणी गेलं नाही. ही लई चांगली गोष्ट हाय. पण आता गाडी चालवू नका. भरताव तेवढं पाणी कुठं जायलंय? सिलिंडरमधी. रात्रभर सिलिंडरमधी पाणी साचलं अन् सकाळी सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खरंच इंजिन जाईल.

अंबाजोगाईची

मी तंत्रनिकेतनात शिकवते, घरची जुनी गाडी असल्याने हात काळे करायची सवयही आहे. बापूंचं बरोबर आहे, चाचणीपुरतं सोडून इंजिन सुरू करू नका.

तुमची लक्षणं बरीच स्पष्ट आहेत. हिवाळ्यात सकाळी पांढरा धूर दिसला तर तो बहुतेक वेळा सायलेन्सरमधल्या ओलाव्याचा असतो, इंजिन तापलं की जातो. मे महिन्यात परभणीत दिसणारा पांढरा धूर तसा नसतो. गार इंजिनाचा होज दोन मिनिटांत कडक होणं त्याहून महत्त्वाचं आहे. पाणी तापून वाफेचा दाब तयार व्हायला वेळ लागतो. इतक्या लवकर दाब येतोय म्हणजे तो जळलेल्या वायूचा आहे.

तरी हेड उतरवण्याआधी थोडं मोजून घ्या. आधी तिन्ही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. ज्या सिलिंडरमध्ये पाणी जातं त्याचा प्लग बाकीच्यांपेक्षा स्वच्छ, धुतल्यासारखा दिसतो. मग कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावून सेल्फ मारा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, तिन्ही प्लग काढलेले, इग्निशन कॉइलची वायर काढलेली, बॅटरी पूर्ण चार्ज. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन सारखंच पडलेलं असेल तर दोघांच्या मधली पट्टी जळली आहे असं समजायला हरकत नाही. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग झिजलेल्या आहेत. चढला नाही तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा पॅकिंगमध्ये.

आणखी एक युक्ती आहे. पिस्टन वरच्या टोकाला आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करा, गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढा आणि प्लगच्या भोकातून हवा भरा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर चालतो, फक्त जुन्या प्लगमधून नळीचा जोड बनवावा लागतो. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले की पॅकिंग किंवा हेडची चीर. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑईलच्या झाकणातून आली तर रिंग. एका हवेच्या नळीने चार रोग वेगळे करता येतात, म्हणून मी ही चाचणी मुलांना आवर्जून करायला लावते.

या इंजिनात थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) इनटेक मॅनिफोल्डवर, म्हणजे कार्ब्युरेटरकडून सिलिंडरकडे जाणाऱ्या वाटेवर बसतो, म्हणजे मॅनिफोल्डमधूनही पाणी जातं. त्याचं पॅकिंग गेलं तरी पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि पांढरा धूर येतो. पण त्यात रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत नाहीत. तुमच्याकडे बुडबुडे आहेत, म्हणून माझा संशय हेडवरच आहे.

जालनेकर

हेड न उतरवता बोल्टच जरा जास्त कसले तर? आमच्या एका पाव्हण्यांनी तसं केलं होतं म्हणे.

लातूरचा बापू

जळलेलं पॅकिंग कसून भरून येत नसतंय दादा. उलट बोल्ट ताणून तुटतो, मग ब्लॉकमधून तुटका बोल्ट काढायचं काम वाढतं.

परभणीकर२२

ताई, बापू, मनापासून आभार. गेज एका ओळखीच्यांकडून आणलं. पहिल्या सिलिंडरला १२ किलो दाब आला, दुसऱ्याला ७, तिसऱ्याला ७. ऑईल टाकून पुन्हा मोजलं, दुसऱ्या-तिसऱ्यात काही फरक नाही. तिसऱ्याचा प्लग एकदम स्वच्छ. हवा भरून बघितली तर तिसऱ्यातून रेडिएटरमध्ये बुडबुडे, आणि दुसऱ्यात भरली की तिसऱ्याच्या प्लगच्या भोकातून वारा येतो.

म्हणजे हेड उतरवतोय. काय काय काळजी घ्यायची?

वाळूजकर

मी वाळूजला मशीन शॉपमध्ये आहे, हेड फेसिंगचं, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करायचं काम रोजचं. ताईंनी निदान चोख करून घेतलंय, आता उतरवण्याबद्दल सांगतो.

इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय हेडच्या बोल्टला हात लावू नका. शक्यतो रात्रभर गार होऊ द्या. गरम ॲल्युमिनियमचं हेड सोडलं की ते मोकळं होऊन वाकतं. पाणी काढा, ऑईल काढा. टायमिंग पट्टा (क्रँकवरून कॅम फिरवणारा) काढण्याआधी क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवून ठेवा आणि मोबाइलवर फोटो काढा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर कुठं बघतोय तोही फोटो. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे, वायरींवर आकडे लिहून ठेवा. होज जुने असतील तर ओढून काढू नका, कापा. नव्या होजचा खर्च या सगळ्या कामापुढे काहीच नाही.

बोल्ट सोडताना बाहेरून आत या, एकदम पूर्ण न सोडता प्रत्येकाला थोडं थोडं, दोन-तीन फेऱ्यांत. हेड चिकटलं असेल तर स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. तिथं पडलेला एक ओरखडा पुढे पाण्याची वाट होतो. लाकडी ठोकळा लावून बाजूने हलके ठोके द्या.

हेड निघालं की जुनं पॅकिंग फेकू नका. ते नीट वाचा. कुठं जळलंय, किती रुंद जळलंय, पाण्याच्या भोकापर्यंत काळा माग गेलाय का, हे सगळं त्याच्यावर उमटलेलं असतं. लोक गडबडीत ते कचऱ्यात टाकतात आणि मग आमच्याकडे हेड घेऊन येतात. तेव्हा दोष नेमका कुठल्या बाजूला होता हे कुणालाच सांगता येत नाही.

आता फेसिंगचं. सरळ कडेची पोलादी पट्टी घ्या, साधी शाळेची फूटपट्टी नाही, आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा जुडगा. पट्टी हेडवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून पाती घालून बघा. सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये वाकडेपणाची मर्यादा ०.०५ मिमी आहे. ०.०५ची पाती सहज आत गेली की फेसिंग लागणार. तेच माप ब्लॉकच्या माथ्यावरही घ्या. ब्लॉक मोजायचा राहून गेला आणि तोच वाकडा निघाला, की नवं पॅकिंग थोड्याच दिवसांत जातं आणि नाव पॅकिंगच्या कंपनीचं खराब होतं.

काचेवर एमरी पेपर टाकून हेड घासणारे आहेत. मला ते मान्य नाही. माणसाच्या हाताचा दाब कडेला जास्त पडतो, हेड मधे फुगीर राहतं. मिलिंग किंवा सरफेस ग्राइंडिंग करून घ्या, आणि सांगा की कमीत कमी काढा. जेवढं जास्त काढाल तेवढी ज्वलनाची जागा लहान होते, कॉम्प्रेशन वाढतं आणि चढावर इंजिन ठोकायला (नॉकिंग करायला) लागतं.

फेसिंगच्या आधी दोन गोष्टी. हेडची प्रेशर टेस्ट करून घ्या, म्हणजे पाण्याचे मार्ग बंद करून हवा भरून गरम पाण्यात बुडवतात. चीर असेल तर बुडबुडे येतात. गार हेडमध्ये न दिसणारी चीर गरम झाल्यावर उघडते, म्हणून पाणी गरमच हवं. आणि व्हॉल्व्हच्या रॉकरचा भार काढून कॅमशाफ्ट हाताने फिरवून बघा. हेड वाकलं की कॅम बसतो ती घरंही एका रेषेतून सरकतात. खालचा पृष्ठभाग घासून सरळ झाला तरी वरची रेषा वाकडीच राहते, आणि कॅम अडकतो. कॅम मोकळा फिरत असेल तर निश्चिंत व्हा.

अंबाजोगाईची

वाळूजकरांच्या पोस्टला थोडी जोड देते, कारण ‘हेड वाकतं’ म्हणजे नेमकं काय होतं हे कळलं की पुढची काळजी आपोआप घेतली जाते.

ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. एक अंश तापमान वाढलं की ॲल्युमिनियम लांबीच्या दहा लाखात सुमारे २३ भाग वाढतं, बीड सुमारे ११. बिडाच्या ब्लॉकवर ३० सेंटीमीटर लांबीचं ॲल्युमिनियमचं हेड बसलंय आणि तापमान ८० अंशांनी वाढलं, तर दोघांच्या वाढीत पाव मिलिमीटरहून जास्त फरक पडतो. तो फरक रोज, प्रत्येक वेळी गाडी सुरू-बंद करताना, मधलं पॅकिंग सोसत असतं. नेहमीच्या तापमानाला ते सोसण्यासाठीच बनवलेलं असतं. पाणी संपलं की मात्र हेडचा एखादा भाग इतरांपेक्षा खूप तापतो, त्याला फुगायचं असतं, बोल्ट त्याला धरून ठेवतात, आणि धातू कायमचा दबतो. गार झाल्यावर तिथला दाब कमी झालेला असतो. मग स्फोटाच्या वायूला तिथूनच वाट मिळते.

म्हणजे पॅकिंग जळणं हा शेवट आहे. गाडी का तापली हे शोधल्याशिवाय हेड परत बसवू नका.

नांदेड_डिझेल

माझं साधं मत. थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्याकडं उन्हाळ्यात ४३-४४ तापमान असतं, थर्मोस्टॅट हवा कशाला? मी जीप, ट्रॅक्स, सगळ्यांचे काढून टाकलेत. अडकायची भानगडच नाही.

अंबाजोगाईची

दादा, तुमचा अनुभव मोठा आहे, आणि बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट इंजिन तापवतो हे खरंच आहे. पण काढून टाकणं आणि नवा चांगला बसवणं यात दुसरा पर्याय बरा आहे. थर्मोस्टॅटवर ८२ लिहिलेलं असतं, म्हणजे ८२ अंशांना तो उघडायला लागतो. त्यानंतर पाणी रेडिएटरकडे पूर्ण वाहतं. बाहेर ४४ अंश असोत की १४, उघडल्यावर तो अडथळा करत नाही. काढून टाकला की हिवाळ्याच्या सकाळी आणि मोकळ्या रस्त्यावर इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त जातं, ऑईलमधला ओलावा उडत नाही, सिलिंडर लवकर झिजतो. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी पाण्याची वाट बंद करतो. तो काढला की बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता बायपासनेच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते.

थर्मोस्टॅट तपासणं अवघड नाही. दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत सोडा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर ठेवा आणि पाणी तापवा. ८२च्या आसपास उघडायला लागला आणि नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडला तर चांगला.

नांदेड_डिझेल

ताई, बायपासचं तुम्ही म्हणता ते एका ट्रॅक्समध्ये मी बघितलंय, काढल्यावर जास्त तापायला लागली होती, कारण तेव्हा कळलं नव्हतं. आता पातेल्यात घालून बघतो.

परभणीकर२२

हेड उतरलं. काय काय सापडलं ते सविस्तर लिहितो.

जुनं पॅकिंग वाळूजकर म्हणाले तसं वाचलं. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधली पत्र्याची कडी जळून काळी झाली आहे, आणि तिसऱ्याच्या बाजूने एक माग थेट पाण्याच्या भोकापर्यंत गेलाय. गेजने जे दाखवलं तेच. तिसरा पिस्टन वरून चकाचक, कार्बन धुऊन निघालेला.

पट्टी ठेवली तर हेडच्या मध्यभागी ०.१० ची पाती जाते. ब्लॉक सरळ आहे, तिथं ०.०५ कुठंच जात नाही. कॅम हाताने मोकळा फिरतो. हेड मशीन शॉपला दिलं आहे, प्रेशर टेस्टमध्ये चीर निघाली नाही. व्हॉल्व्ह घासून आणि व्हॉल्व्ह सील बदलून घेतोय.

आता गाडी का तापली ते. फॅन थेट बॅटरीवर लावला तर फिरतो. फ्यूज चांगला. पाणी तापल्यावर फॅन लावणारा थर्मो स्विच मेलेला आहे, तो नवा घेतला. आणि रेडिएटर. खालचा होज काढून आत टॉर्च मारली तर नळ्यांच्या तोंडावर पांढरा थर. अर्ध्या नळ्या बंद. रेडिएटरवाल्यांनी सांगितलं की वरची टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफ करणं) करता येईल. आमच्या कॉलनीत बोअरचंच पाणी आहे, वर्षानुवर्षं तेच रेडिएटरमध्ये जातंय.

लातूरचा बापू

झालं, सापडलं. सपाट रस्त्यावर गाडीच्या वाऱ्यानं अर्धा रेडिएटर पण पुरतो. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमधी, वारा नाही, फॅन बंद, मग काय होणार.

आमच्या लातूरला २०१६ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. माणसाला प्यायला नव्हतं तिथं गाडीला कोण चांगलं पाणी घालणार? टँकरचं, खोल बोअरचं, जे मिळंल ते गेलं. त्या साली अन् पुढं दोन वर्षं माझ्याकडं जेवढे रेडिएटर खोलले, सगळे आतून पांढरे. पॅकिंगची कामं पण तेव्हा लई आली. लोकाला वाटायचं ऊन वाढलंय म्हणून गाड्या गरम व्हायल्यात.

अंबाजोगाईची

बापू, हे नोंदवून ठेवण्यासारखं आहे. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, आणि खोल बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६००. आपल्या कित्येक बोअरचं पाणी कसं आहे ते घरच्या गिझरच्या कॉइलवर रोज दिसतं. असं पाणी तापलं की त्यातले क्षार सगळ्यात गरम जागी, म्हणजे हेडच्या आतल्या मार्गांत आधी बसतात, आणि मग रेडिएटरच्या नळ्यांतही. क्षाराच्या थरातून उष्णता नीट जात नाही. आणि वाफ होऊन पाणी कमी झालं की आपण वरून पुन्हा तेच भरतो, त्यामुळे आतला क्षार वाढतच राहतो.

म्हणून परभणीकर, रॉडिंग करून झाल्यावर आत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट. ‘आपल्याकडं बर्फ कुठं पडतो’ म्हणून कूलंट टाळणारे पुष्कळ आहेत. आपल्याला त्याची गरज गंज थांबवण्यासाठी आणि उकळबिंदू वाढवण्यासाठी आहे. निम्मं कूलंट, निम्मं पाणी घेतलं तर उघड्या भांड्यात ते १०७-१०८ अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या ०.९ दाबाच्या झाकणाखाली आणखी बरंच वर. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला. दाब धरला नाही तर पाणी लवकर उकळतं. नुसतं कूलंट पाण्याशिवाय भरू नका, ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. तयार मिसळलेलं घेतलं तर त्यात पाणी घालू नका. आणि सांडलेलं लगेच धुवा. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं चाटतात आणि दगावतात.

वाळूजकर

बसवण्याबद्दल, घाई करू नये अशा जागा सांगतो.

ब्लॉकचा माथा प्लास्टिकच्या पट्टीने आणि थिनरने साफ करा. ग्राइंडरला लावायच्या घासणाऱ्या चकत्या वापरू नका. त्यांची बारीक पूड ऑईलच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते. सिलिंडरमध्ये कापड ठेवूनच काम करा.

बोल्टची भोकं सगळ्यात महत्त्वाची. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा ऑईल साचून राहिलं तर बोल्ट कसताना ते दाबलं जात नाही. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराला क्लिक करणारा पाना) क्लिक करतो, पण हेडवर ताण आलेलाच नसतो. कधी ब्लॉकला चीरही जाते. प्रत्येक भोक हवेने कोरडं करा, आटे साफ करा, आणि बोल्ट हाताने तळापर्यंत फिरतो का बघा. बोल्टच्या आट्यांना ऑईलचा नुसता हात लावा. एखादा बोल्ट मधे बारीक झालेला किंवा ताणलेला दिसला तर सगळा सेट नवा घ्या.

पॅकिंगची बाजू बघा. वरची खूण असते, आणि ऑईलचं भोक ब्लॉकच्या भोकावर यायला हवं. उलटं बसलं तर कॅमला ऑईल मिळत नाही. शेलॅक, ग्रीस काही लावू नका, पॅकिंग कोरडंच बसतं.

कसताना मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचनेच. टॉर्कचा आकडा मी इथं मुद्दाम देत नाही. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या, आंतरजालावर एकाच गाडीचे वेगवेगळे आकडे फिरतात. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने आणा किंवा कुणाचा तरी मागून घ्या. ‘माझ्या हाताला अंदाज आहे’ असं म्हणणाऱ्यांचे हेड मी दुसऱ्यांदा घासले आहेत.

टायमिंग पट्टा नवाच टाका. वॉटर पंप हाताने हलवून बघा, खेळ असेल किंवा पाण्याचा डाग असेल तर तोही आत्ताच. खुणा जुळवल्यावर प्लग न लावता क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का बघा. कुठं अडलं तर जोर लावू नका, थांबून शोधा. मग टापेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट ठरलेल्या मापाला आणणं.

जालनेकर

खर्च किती येतो हो साधारण?

वाळूजकर

गावागणिक फरक आहे. पॅकिंग स्वतः सगळ्यात स्वस्त. पैसे जातात फेसिंगला, व्हॉल्व्हच्या कामाला, रेडिएटरला आणि मजुरीला. परभणीकरांची मजुरी वाचली आहे, म्हणून मी म्हणेन तो पैसा रेडिएटरवर आणि पट्ट्यावर लावा.

परभणीकर२२

गाडी सुरू झाली! काल संध्याकाळी वडिलांनीच सेल्फ मारला. पहिल्यांदा थोडा धूर आला, सायलेन्सरमध्ये साचलेलं पाणी होतं ते, नंतर बंद. होज मऊ, बुडबुडे नाहीत. कॉम्प्रेशन तिन्हींना १२च्या वर.

ऑईल आणि फिल्टर नवे टाकले. हवा काढताना गाडीचं तोंड चढावर ठेवलं, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं ठेवून चालू ठेवली, थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी खाली गेली तशी भरत गेलो. फॅन आपोआप लागला, आपोआप बंद झाला. तो आवाज ऐकून घरातले सगळे बाहेर आले. परभणी ते जिंतूर जाऊन आलो, काटा मध्याच्या खालीच.

एक शंका. किटासोबतच्या कागदावर थोडं चालवल्यावर बोल्ट पुन्हा कसायला लिहिलंय. करायचं का?

वाळूजकर

अभिनंदन. कागदावर लिहिलं असेल तर करायचं. जुन्या पद्धतीचं पॅकिंग तापून दबतं, म्हणून ते लागतं. नव्या गाड्यांच्या पोलादी पत्र्यांच्या थरांच्या पॅकिंगला लागत नाही, आणि जे बोल्ट कोनात फिरवून कसतात त्यांना तर हातच लावायचा नसतो. तुम्ही पूर्ण गार इंजिनावर, त्याच क्रमाने, एका वेळी एकच बोल्ट थोडा सैल करून पुन्हा ठरलेल्या टॉर्कला आणा. त्यानंतर टापेटची फट परत मोजा, कारण हेड किंचित खाली बसलेलं असतं. आणि ऑईल अजून एकदा लवकर बदला, आतली उरलीसुरली घाण त्याच्याबरोबर निघून जाईल.

नांदेड_डिझेल

हा धागा वाचून मीही एक डिझेल जीप खोलली आहे, तिचं पॅकिंग दोनदा गेलंय. दुकानात तीन जाडीची पॅकिंगं दाखवली, कडेला एक, दोन, तीन खाचा. याआधी कुठलं बसवलं होतं मालकाला माहीत नाही. कुठलं घेऊ? लेथवाला हेड घासायचं म्हणतोय.

वाळूजकर

अंदाजाने घेऊ नका. डिझेलमध्ये पिस्टन वरच्या टोकाला ब्लॉकच्या माथ्यापेक्षा किंचित वर येतो. डायल गेज लावून प्रत्येक पिस्टनची ती उंची दोन जागी मोजा, पिस्टन पिनच्या रेषेवर, म्हणजे पिस्टन कलल्याने माप चुकणार नाही. सगळ्यांत मोठा आकडा धरून मॅन्युअलच्या तक्त्यातून जाडी निवडायची. पातळ बसलं तर पिस्टन हेडला टेकतो, जाड बसलं तर कॉम्प्रेशन कमी होऊन सकाळी सुरू होत नाही.

लाइनर (ब्लॉकमध्ये बसवलेल्या सिलिंडरच्या नळ्या) ओले असतील, म्हणजे बाहेरून पाणी लागणारे, तर हेड नसताना क्रँक फिरवण्याआधी लाइनर पट्टीने दाबून धरा, नाहीतर वर सरकतात आणि खालची रबर रिंग जाते. मोजताना लाइनर ब्लॉकच्या किती वर आहेत तेही बघा. एखादा खाली बसलेला असेल तर पॅकिंग दोनदा जाण्याचं कारण तेच असू शकतं. हेड घासायला देण्याआधी मॅन्युअल बघा. बऱ्याच डिझेल हेडना घासायची परवानगीच नसते, आणि जिथं असते तिथं व्हॉल्व्ह पृष्ठभागाच्या किती आत राहायला हवेत ते दिलेलं असतं.

नांदेड_डिझेल

डायल गेज आहे. लाइनर ओलेच आहेत. उद्या मोजून आकडे इथं टाकतो, तोवर लेथवाल्याला थांबायला सांगितलंय.